आधी बॉक्सला विचारा, मग डिस्क घ्या

दसरा-दिवाळीचे सेल जवळ आले की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. एरवी ‘हे बिघडलंय, काय करू’ असं विचारणारे वाचक ‘हे घेऊ का’ असं विचारू लागतात. यंदा बरीच पत्रं टीव्हीवरचं रेकॉर्डिंग साठवायच्या हार्ड डिस्कबद्दल आहेत. पहिलं पत्र लांबलचक आहे, पण मी ते कापलं नाही. बाकीच्यांच्या निम्म्या शंका त्यातच आहेत.

प्रश्न : ताई, आमच्याकडे डीडी फ्री डिशचा बाजारातून घेतलेला साधा बॉक्स आहे. मागे यूएसबीची जागा आहे. सह्याद्री वाहिनीवरचं कीर्तन सासऱ्यांना लागतंच, पण त्यांची जेवणाची-झोपेची वेळ आणि कार्यक्रमाची वेळ जुळत नाही, म्हणून मी 32 जीबीच्या पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करून ठेवते. अडचणी तीन. आषाढीला पहाटे महापूजेपासून रेकॉर्डिंग लावून ठेवलं, तर ते तीन-सव्वातीन तासांनी आपोआप बंद पडलं, आणि पेन ड्राइव्हवर जागा भरपूर शिल्लक. दुसरं, चित्र मधेच चौकोन-चौकोन होऊन अडकतं. तिसरं, मुलाने लॅपटॉपची 1 टीबीची हार्ड डिस्क लावून पाहिली, तर बॉक्स ती ओळखत नाही आणि डिस्क नुसती टिकटिक करत राहते. धाकटे दीर म्हणतात, सेलमध्ये 4 टीबीची घेऊन टाका, कटकट मिटेल. घेऊ का?
— स. प., संगमेश्वर

उत्तर : 4 टीबीची घेऊ नका. तुमच्या बॉक्सला ती बहुतेक दिसणारच नाही. दिसली तरी अर्ध्याहून जास्त रिकामी पडून राहील.

आधी आषाढीचं बघू. तुमचा पेन ड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. या पद्धतीत एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही, मग पेन ड्राइव्ह 32 जीबीचा असो की 64 चा. आता हिशेब करा. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने येणारा डेटा तासाभरात 450 एमबी जागा खातो. एचडी नसलेल्या साध्या वाहिनीचा वेग तीन मेगाबिटच्या आसपास धरला, तर तासाला 1.35 जीबी झाले. म्हणजे 4 जीबीची (संगणकाच्या मोजणीने खरं तर 4.29 जीबीची) मर्यादा गाठायला साधारण तीन तास दहा मिनिटं लागतात. तुमचं ‘तीन-सव्वातीन तास’ वाचलं आणि पुढचं न वाचताच कारण कळलं. बरे बॉक्स अशा वेळी गुपचूप दुसरी फाइल सुरू करतात, तुमचा करत नाही. त्याच्या रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये फाइलचे तुकडे पाडण्याचा पर्याय आहे का बघा. नसेल तर टायमरच अडीच-अडीच तासांचे दोन लावा, मध्ये मिनिटभर सोडा. पुढे कधी एकच फाइल हवी झाली, तर टीएस जातीच्या फायली एकीला एक नुसत्या जोडल्या तरी चालतात, मुलगा लॅपटॉपवर करून देईल.

आणखी एक करून बघण्यासारखं आहे. पेन ड्राइव्हमधलं सगळं आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या, तो एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करा आणि बॉक्सला लावून पाच मिनिटं रेकॉर्ड करा. नुसता ‘ओळखला’ म्हणून खूश होऊ नका. काही बॉक्स एनटीएफएसवरचं वाचतात, पण त्यावर लिहीत नाहीत. रेकॉर्ड करून, परत लावून, पुढे-मागे सरकवून बघा. हे जमलं तर 4 जीबीची भानगडच संपली.

चौकोनांचं वेगळं आहे. यात लोक सरसकट डिस्कला दोष देतात. दोष साठवणीचा की सिग्नलचा हे घरच्या घरी कळतं. तेच रेकॉर्डिंग दोनदा लावा आणि घड्याळाकडे लक्ष ठेवा. दोन्ही वेळा चौकोन अगदी त्याच मिनिटाला आले, तर ते रेकॉर्ड होतानाच बिघडलेलं आहे, आणि बहुतेक वेळा ते सिग्नलचं काम असतं. दरवेळी वेगळ्याच जागी अडकत असेल, तर पेन ड्राइव्ह नाहीतर यूएसबीची जागा संशयित. फ्री डिशचं प्रक्षेपण जीसॅट-15 उपग्रहावरून, केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर येतं, आणि या बँडला मोठा पाऊस सोसत नाही. आषाढात कोकणात पहाटे कशी धार लागलेली असते ते मी तुम्हाला काय सांगू! त्यात आपल्याकडे खाऱ्या-दमट हवेने छत्रीवरच्या एलएनबीचा (छत्रीसमोर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीचा) कनेक्टर गंजतो. मुलाला (पाऊस थांबल्यावर, बॉक्सचा प्लग काढून) तो कनेक्टर फिरवून उघडायला सांगा. मधली तांब्याची तार लालसर चकचकीत हवी. काळी किंवा हिरवट दिसली तर केबल दोन इंच कापून नवा कनेक्टर बसवायचा, त्यावर रबराची टोपी. हे काम डिस्कपेक्षा कितीतरी स्वस्तात होतं आणि निम्म्या घरांत तेवढ्यानेच चौकोन जातात.

आणि हो, बॉक्समध्ये ‘टाइम शिफ्ट’ नावाचं काहीतरी चालू असेल तर ते बंद करा. तुम्ही रेकॉर्डिंग लावलेलं नसलं तरी चालू वाहिनीचं चित्र ते सारखं पेन ड्राइव्हवर लिहीत राहतं. पेन ड्राइव्ह हातात धरवत नाही इतका तापतो तो बऱ्याचदा यामुळे, आणि मरतोही लवकर.

आता टिकटिक. मुलाची डिस्क बिघडलेली नाही, उपाशी आहे. बॉक्सची यूएसबीची जागा जुन्या 2.0 पद्धतीची असते. तिथून 500 मिलिअँपिअर वीज मिळणं अपेक्षित आहे. लॅपटॉपच्या 3.0 जागेतून 900 मिळते. लहान, अडीच इंची हार्ड डिस्कला आतली तबकडी फिरती करताना, त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत, 500 पेक्षा बरीच जास्त लागते. ती मिळत नाही, तबकडी थांबते, पुन्हा प्रयत्न करते, हीच ती टिकटिक. माझ्या टेबलावर यूएसबीत मध्येच लावायचं एक छोटं मीटर असतं, व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारं. अशा बॉक्सला डिस्क लावली की व्होल्टचा आकडा पाचावरून साडेचारच्या खाली येतो आणि बॉक्सच रीस्टार्ट होतो. वारंवार असं झालं तर डिस्कही खराब होईल आणि बॉक्सची यूएसबीही. मुलाला म्हणावं, तशी लावू नको.

यावर उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब, म्हणजे एका यूएसबी जागेच्या अनेक करणारी डबी. डिस्क हबला, हब बॉक्सला, हबचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगला. हब घेताना दुकानातच एक बघा : हब बॉक्सला जोडलेला असताना बॉक्सचा प्लग काढला तर बॉक्सचा दिवा पूर्ण विझतो का? स्वस्त हबमधून वीज उलटी बॉक्समध्ये जाते आणि दिवा मिणमिणत राहतो. तसला हब परत करा. हबचं लटांबर नको असेल तर 500 जीबीची साधी साटा एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) आणि तिचं यूएसबीचं कव्हर घ्या. तिच्यात फिरणारं काही नाही, सुरू होताना ती सहसा इतकी वीज ओढत नाही, आणि सासऱ्यांच्या हातून पडली तरी हार्ड डिस्कइतकं भय नाही. तुमच्या घरासाठी मी हीच घेईन, पण घेण्याआधी कुणाची तरी मागून लावून बघा.

किती मोठी? रोज एक तास कीर्तन, वर्षाचे 365 दिवस, एकही न पुसता ठेवलं तरी 493 जीबी. सासरे तेच तेच पुन्हा ऐकत असतील, तर सगळं ठेवायचं कारणही नाही. म्हणून 500 जीबी पुरे, फार तर 1 टीबी. 2 टीबीच्या वर तर अजिबात जाऊ नका. डिस्कच्या मांडणीची जुनी पद्धत, एमबीआर, साधारण 2.2 टीबीच्या पुढचं मोजूच शकत नाही. त्याहून मोठ्या डिस्क जीपीटी नावाच्या नव्या पद्धतीने मांडाव्या लागतात आणि साध्या बॉक्सना ती बऱ्याचदा कळत नाही. दिरांना एवढं सांगा.

नवी डिस्क फॉरमॅट बॉक्सकडूनच करून घ्या. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत मोठ्या डिस्कला फॅट-32 चा पर्यायच दिसत नाही, आणि तिथे सुचवलेला एक्सफॅट तुमच्या बॉक्सला बहुधा वाचता येणार नाही. रेकॉर्डिंगच्या फायलींची नावं लॅपटॉपवर बदलायला जाऊ नका. बऱ्याच बॉक्समध्ये त्या फाइलशेजारी यादीची छोटी फाइल असते, नाव बदललं की जोडी तुटते आणि बॉक्सच्या यादीतून कीर्तन गायब होतं. बदलायचंच तर रिमोटने बदला.

आणि लाइट. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली की ती फाइल बहुतेक वेळा शून्य आकाराची उरते, कधी सोबत डिस्कची यादीच बिघडते. घरी इन्व्हर्टर असेल तर बॉक्स आणि हब दोन्ही त्याच्यावर घ्या. सासऱ्यांच्या आवडीची जी पाच-पंचवीस कीर्तनं असतील, ती लॅपटॉपवरही उतरवून ठेवा. व्हीएलसी नावाचा फुकटचा प्लेअर ती व्यवस्थित लावतो. स्वतः पाहण्या-ऐकण्यासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड करायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 39 मध्ये मोकळीक आहे. ती घरापुरती. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं त्यात बसत नाही.

प्रश्न : माझी मुलगी शाळेत असताना एका मराठी वाहिनीवर गाण्याच्या कार्यक्रमात निवडली गेली होती. तिचे भाग डीटीएचच्या एचडी बॉक्सला लावलेल्या हार्ड डिस्कवर रेकॉर्ड केले होते. बॉक्स बंद पडला, कंपनीने तो नेऊन नवा दिला. नव्या बॉक्सला तीच डिस्क लावली तर ‘फॉरमॅट करू का’ असं विचारतो. संगणकावर ती रिकामी दिसते. डेटा काढून देणारा एक दुकानदार बरीच मोठी रक्कम मागतो आहे. देऊ का?
— अ. दे., पुणे

उत्तर : देऊ नका. आणि नव्या बॉक्सला ‘हो’ही म्हणू नका, निदान आज तरी.

डिस्क रिकामी नाही. डीटीएचचे बॉक्स डिस्क त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतात, म्हणून विंडोजला तिच्यात काही दिसत नाही. दुकानदार त्या फायली बाहेर काढूही शकेल. पण त्या कुलूपबंद आहेत, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या. किल्ली तुमच्या जुन्या बॉक्सच्या चिपमध्ये होती, काही यंत्रणांत ती कार्डाशीही बांधलेली असते. बॉक्स गेला, किल्ली गेली. दुकानदार तुम्हाला शेकडो जीबींच्या फायली मोजून दाखवेल आणि एकही लागणार नाही. कुणी ‘कुलूप तोडून देतो’ म्हणालं, तर तो एक तर फसवतोय किंवा तुम्हाला कायद्याच्या कचाट्यात ओढतोय.

फोनवर विचारून बघण्यासारखं एकच आहे : जुना बॉक्स दुरुस्त होऊन तोच परत मिळू शकतो का, आणि मिळाला तर डिस्क ओळखेल का. नेऊन बरेच दिवस झाले असतील तर आशा कमी. त्यापेक्षा वाहिनीच्या ॲपवर आणि अधिकृत यूट्यूब चॅनेलवर कार्यक्रमाचं नाव आणि मुलीचं नाव टाकून शोधा. जुन्या पर्वांचे भाग तिथे बऱ्याचदा असतात. नातेवाइकांनाही विचारा. मुलगी टीव्हीवर दिसली की मावशी, आत्या, शेजारच्या काकू, कुणीतरी मोबाइल टीव्हीसमोर धरलेला असतोच. चित्र हललेलं, मागे कुकरची शिट्टी, पण ते उघडतं तरी.

हे पत्र मी मुद्दाम छापते आहे. डीटीएचच्या बॉक्सला लावलेली डिस्क ही साठवण नव्हे. ‘उद्या बघू’ म्हणून ठेवायच्या मॅचसाठी आणि मालिकेच्या भागासाठी ती ठीक. काही कंपन्यांच्या बॉक्सवर तर रिचार्ज संपला की तुमचंच रेकॉर्डिंग लागत नाही. अशा बॉक्ससाठी महागडी, मोठी डिस्क घेण्यात अर्थ नाही. जी काय जुनी 500 जीबीची पडली असेल ती लावा, मात्र तिच्यातलं सगळं पुसलं जाणार हे धरूनच.

प्रश्न : हार्ड डिस्क टीव्हीच्या मागे दुहेरी टेपने चिकटवली तर चालेल का? समोर लोंबकळलेली चांगली दिसत नाही.
— म. शि., जळगाव

उत्तर : जळगावात? मे महिन्यात? नको. टीव्हीची मागची बाजू आधीच गरम असते आणि उष्णतेने टेपचा गोंद सुटतो. फिरती डिस्क तेवढ्या उंचीवरून पडली की संपली. खालच्या फळीवर आडवी, हवा लागेल अशी ठेवा, वर क्रोशाचा रुमाल घालू नका.

प्रश्न : न्यू जर्सीत घरावर अँटेना आहे. नेटवर्क ट्यूनरमधून (अँटेनाचे चॅनेल घरच्या नेटवर्कवर देणारी डबी) एका वेळी चार चॅनेल रेकॉर्ड होऊ शकतात. आईबाबा सहा महिने इकडे असतात, त्यांच्यासाठी बातम्या, स्वयंपाकाचे शो, टेनिस असं बरंच साठवतो. चार रेकॉर्डिंग एकदम म्हणजे वेगवान डिस्क हवी ना? 7200 आरपीएमची (मिनिटाला 7200 फेरे घेणारी) घेऊ की एसएसडी?
— नि. क., एडिसन

उत्तर : तुमच्याकडे वेगाचा प्रश्नच नाही. अमेरिकेतल्या एटीएससी 1.0 या, अँटेनाने पकडायच्या डिजिटल टीव्हीच्या पद्धतीच्या प्रक्षेपणात एका वाहिनीच्या पूर्ण पट्ट्यातून सेकंदाला 19.39 मेगाबिट येतात, त्याहून जास्त नाही. चार पट्टे पूर्ण भरून आले तरी मिळून 78 मेगाबिट, म्हणजे सेकंदाला 10 एमबीच्या आत. आजची सगळ्यात संथ हार्ड डिस्कही याच्या कित्येक पट वेगाने लिहिते. 5400 ची घ्या, ती कमी तापते आणि आवाजही कमी करते. बैठकीच्या खोलीत रात्री दोनला घरघर ऐकू आली की आई विचारणारच, ‘हे काय वाजतंय?’

तुमचा प्रश्न जागेचा आहे. पूर्ण 19.39 धरले तर तासाला 8.7 जीबी जातात. प्रत्यक्षात एका पट्ट्यात दोन-तीन उपवाहिन्या असतात, म्हणून एका एचडी कार्यक्रमाला याहून कमी लागतं, पण हिशेब वरच्या आकड्याने करा. टेनिसचा पाच सेटचा सामना चार तास चालला तर 35 जीबी. इथे 4 किंवा 8 टीबीची साडेतीन इंची, स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क योग्य. अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं आहे का बघून घ्या, म्हणजे आईबाबांबरोबर भारतात पाठवली तरी इथल्या 230 व्होल्टवर चालेल. नव्या एटीएससी 3.0 च्या वाहिन्यांपैकी काही कुलूपबंद येतात. मोठी डिस्क घेण्याआधी तुमचा ट्यूनर त्या रेकॉर्ड करून परत लावतो का हे पाहा.

प्रश्न : ऑनलाइन 16 टीबीची एसएसडी दीड हजारात मिळते आहे. अंगठ्याएवढी आहे, रिव्ह्यू चांगले आहेत. टीव्ही रेकॉर्डिंग आणि फोटो, दोन्हीला आयुष्यभर पुरेल असं वाटतं. मागवू का?
— वि. गा., लातूर

उत्तर : नाही. हा माल उघडून बघितला तर आत छोटं मेमरी कार्ड नाहीतर पेन ड्राइव्हचं सर्किट गोंदाने चिकटवलेलं निघतं, आणि वजन वाटावं म्हणून कधी लोखंडाचा तुकडा. त्यातल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. संगणकाला ती 16 टीबी सांगते, खरी जागा 32 किंवा 64 जीबी. तेवढी भरली की नवं जुन्यावर लिहिलं जातं. फायलींची नावं सगळी दिसतात, म्हणून पहिले काही दिवस काहीच कळत नाही. रिव्ह्यू त्याच दिवसांतले असतात. मग लग्नाचे फोटो उघडायला जाता आणि अर्धे उघडतच नाहीत.

मागवलीच असेल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा फुकटचा प्रोग्रॅम चालवा. जर्मनीतल्या संगणक मासिकाच्या लोकांनी केलेला आहे. तो पूर्ण डिस्क भरून परत वाचून बघतो आणि खरी जागा किती ते सांगतो. मोठ्या डिस्कला वेळ लागतो, रात्री लावून झोपा. खरी डिस्क घेतली तरी मी पहिल्या रात्री हेच करते.

‘आयुष्यभर’ म्हणालात म्हणून आणखी एक. खरी एसएसडीसुद्धा कपाटात ठेवून विसरायची वस्तू नाही. लिहून-पुसून पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीने वीज न देता 30 अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा सांभाळावा, एवढीच अपेक्षा जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने धरली आहे. नवी त्याहून बरीच जास्त टिकेल, पण लातूरचं उन्हाळ्यातलं कपाट 30 अंशांवर थांबत नाही. फोटोंसाठी वेगळी, फिरती हार्ड डिस्क घ्या, तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर भावाच्या घरी ठेवा, आणि वर्षातून एकदा दोन्ही लावून काही फायली उघडून बघा. रेकॉर्डिंगसाठी स्वस्तातली कुठलीही खरी चालेल, पण बिल घ्या आणि परत करायची मुदत संपायच्या आत तपासणी उरका.